मामा-मामीचा अबोला आणि माझा कर्नल

"मुकी हाय का ओ शेठ, तुमची भाची?"

खिडकीजवळच्या टेबलावरच्या ट्रकवाल्यानं विचारलं. माझ्या कानात इयरफोन होते, त्यामुळे मला ऐकू येत नसणार असं त्याला वाटलं. इयरफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं. माणसांत बसायचं असलं की मी ते नुसते घालून ठेवते.

मामा गल्ल्यावर होते. बडीशेपेची वाटी भरता भरता म्हणाले, "मुकी न्हाई ओ. इंग्लिश मीडियम हाय."

दोघंही हसले. मलाही हसू आलं होतं, पण हसले असते तर ऐकू येतं हे कळलं असतं. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

मामांचा ढाबा मांजरसुंब्याला आहे, चौकापासून थोडा बीडच्या बाजूला. आमचं गाव तिथून आत, डोंगराच्या अंगाला. बाबा मेंढरं राखतात. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन निघतात ते पाऊस तोंडावर आला की परततात. मला मात्र त्यांनी लहानपणीच अंबाजोगाईला इंग्रजी शाळेत घातलं आणि वसतिगृहात ठेवलं. त्यात माझं एक विचित्र झालं. इंग्रजी मला वाचता-लिहिता उत्तम येतं, पण बोलायला तोंड उघडलं की तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखं वाटतं. आणि मराठी बोलले तर ती छापील. सुट्टीत घरी आल्यावर चुलत भावंडं "आमी जत्रंला गेलतो" म्हणायची, मी "आम्हीही गेलो होतो" म्हणायचे, की सगळी ओरडायची, "बातम्या लागल्या, बातम्या लागल्या!" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी बोलणं कमी करत गेले आणि नंतर ती सवयच झाली.

पदवी झाल्यावर मी घरी आले. गावात फोनवर बोलायलासुद्धा पाण्याच्या टाकीजवळ जावं लागतं. ढाब्यावर वायफाय होतं, म्हणून मामांनीच आईला निरोप दिला की पोरीला इकडं पाठवून दे. मामा-मामींची खोली ढाब्याच्या मागेच आहे. मला तिथं राहायला मिळालं आणि ढाब्यात एक टेबल मिळालं, पंख्याखालचं, प्लगजवळचं. त्यावर मामांनी 'राखीव' अशी पाटी ठेवली. वऱ्हाड आलं, पुढारी आले, तरी ती पाटी हलली नाही. "तिथं आमच्या माणसाचं काम चालू असतंय," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे.

माझं काम म्हणजे शिकणं होतं. मी ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल शिकत होते.

कॉलेजात हा विषय होता. 'कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा होय' असं लिहून मी चांगले गुण मिळवले होते आणि गाभ्यात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. मग एकदा इंटरनेटवर एका अभ्यासगटाची माहिती दिसली. पुण्याच्या एक ताई होत्या, स्वतः कर्नलवर काम करणाऱ्या. दर रविवारी दुपारी त्या मोजक्या मुलामुलींना व्हिडिओ कॉलवर विनामूल्य शिकवायच्या, बहुतेक सगळी छोट्या गावांतली. मी अर्ज लिहून पाठवला. लिहायचं असल्यामुळे तो बरा झाला असावा. जागा मिळाली.

शिकवण्यासाठी मुद्दाम लहान लिहिलेला एक कर्नल ताईंनी आम्हाला दिला होता. तो लॅपटॉपमध्येच एका खोट्या कॉम्प्युटरवर चालवायचा, म्हणजे मोडला तरी खरं काही बिघडत नाही. मी तो रोज मोडायचे. एखादी ओळ बदलायची, चालवायचा, तो गप्प पडला की का पडला ते शोधायचं. पहिल्यांदा मी त्यात माझी स्वतःची एक मागणी घातली, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमनं कर्नलकडे करायची विनंती, आणि तिचं उत्तर काळ्या स्क्रीनवर उमटलं, तेव्हा मी टेबलावर हात आपटला. मामांनी दचकून विचारलं, "काय झालं गं माय?"

"काही नाही मामा. चाललं."

"चाललं का? मंग बरं झालं," असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर ताकाचा पेला आणून ठेवला. काय चाललं ते विचारलं नाही.

मला त्यात काय आवडायचं ते सांगायचं तर, कर्नलमध्ये शिरल्यावर कळतं की वरचं सगळं जग एका सोयीच्या समजुतीवर चाललंय. प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं की सगळी मेमरी आपलीच आहे आणि प्रोसेसर फक्त आपल्यासाठी फिरतोय. प्रत्यक्षात कर्नल त्याला थोडा वेळ देतो, झोपवतो, दुसऱ्याला उठवतो, आणि हे इतक्या भराभर की कुणाला आपण झोपलो होतो याचा पत्ताच लागत नाही. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीला हात लावता येत नाही. डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन, कशालाच थेट हात लावता येत नाही. जे हवं ते कर्नलकडे मागायचं. मला हा शिस्तीचा कारभार फार जवळचा वाटला. सगळ्यांचं काम होतंय आणि मध्ये बसलेला कोणाच्या नजरेत येत नाही.

त्याच सुमाराला मामा-मामींचा अबोला सुरू झाला.

मामीच्या भाकरीसाठी लोक वाट वाकडी करून या ढाब्यावर थांबतात. ज्वारीची, हातावर थापलेली, पातळ आणि टम्म फुगणारी. एका दुपारी गर्दी होती आणि भाकरीला उशीर होत होता. एका गिऱ्हाइकानं कुरकुर केली तेव्हा मामा बोलून गेले, "आता मशीनच आणावं म्हणतो भाकरीचं. एका मापाच्या, गोल, टकाटक." मामी चुलीजवळच होती. गर्दी ओसरल्यावर मामांनी जेवायला ताट मागितलं, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या मामाला म्हणावं, मशीनीला माग."

मामांना आपलं चुकलं असं वाटलं नाही. त्यांना उलट अपमान वाटला. "म्हणावं, मी तुझ्याच हातासाठी बोललो. मनगट दुखतंय म्हणून कोण कण्हतं रात्रभर?" तेही मलाच म्हणाले.

आमच्याकडे अबोला धरला म्हणजे काम थांबत नाही, फक्त बोलणं तिसऱ्याच्या तोंडून होतं. खरं तर ऑर्डर पोचवायला वाढपी होता. पण मामी त्याला, "तू त्यांचा माणूस हाईस, गप," म्हणून परत पाठवायची. मी दोघांची होते. मामांच्या बहिणीची मुलगी, आणि मामीची लाडकी, कारण तिच्या मते मी एकटीच तिची भाकरी नीट चावून खाते. म्हणून निरोप माझ्यामार्फत सुरू झाले.

"माय, तुझ्या मामीला म्हणावं, दोन नंबरला चार भाकरी."

मी उठून चुलीपर्यंत जायचे. "मामी, दोन नंबरला चार भाकरी."

"त्यायला म्हणावं, ऐकू आलंय. मी बहिरी न्हाई."

परत येऊन, "मामा, ऐकू आलंय. ती बहिरी नाही."

"म्हणावं, मंग आधी कावून न्हाई टाकल्या?"

दोघांमध्ये दहा पावलांचंही अंतर नव्हतं. एकमेकांचं प्रत्येक वाक्य दोघांना स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मी सांगेपर्यंत ते पोचलं असं धरायचं नाही, हा नियम होता. एकदा मी नुसती मध्ये उभी राहिले आणि काहीच बोलले नाही, तर मामी म्हणाली, "काय म्हणतेत?" जणू मामा बीडला होते.

पुढची गंमत म्हणजे एकादशीला दोघं नेहमीसारखे नारायणगडाला दर्शनाला गेले, एकाच मोटारसायकलवर. मामीनं मामांच्या खांद्यावर हात ठेवला होता, कारण रस्ता खराब आहे. परत आल्यावर मामीनं मला विचारलं, "तुझ्या मामाला इचार, परसादाची पिशवी कुठं ठिवली." पिशवी मोटारसायकलच्या हँडललाच होती, आणि आम्ही तिघंही अजून तिच्या शेजारीच उभे होतो.

मला या निरोपांचा त्रास व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर तो होत नव्हता. स्वतःचं काही बोलायचं नसेल तर बोलणं सोपं जातं. शब्द दुसऱ्याचे, मी फक्त नेऊन पोचवायचे. त्या दिवसांत ढाब्यावर माझा आवाज आधीपेक्षा जास्त ऐकू यायचा आणि त्यात माझं असं एकही वाक्य नसायचं.

गटात मात्र प्रत्येकानं एकेक भाग सगळ्यांना समजावून सांगायचा असा नियम होता. लिहून चालत नसे. बोलायचंच, भाषा कोणतीही. ताई म्हणायच्या, "आपल्याला काय कळलंय ते आपल्यालाच बोलताना कळतं." माझ्या वाट्याला आला तो भाग होता, दोन प्रोग्रॅम एकमेकांशी कसे बोलतात. ते वाचून मी थोडी अस्वस्थ हसले.

त्या रविवारी ताईंनी माझं नाव घेतलं. माझा माइक बंद होता. तो चालू करायला बोट गेलं आणि तिथंच थांबलं. समोर चौकोनांत सगळ्यांचे चेहरे, सगळे वाट बघतायत. तेवढ्यात मामांनी हाक मारली, "माय, मामीला म्हणावं कांदा संपला." मला इतकं बरं वाटलं. मी चॅटमध्ये लिहिलं, 'नेटवर्क जात आहे, क्षमस्व,' आणि कांदा संपला हे सांगायला उठले. नेटवर्क पूर्ण होतं.

संध्याकाळी ताईंचा संदेश आला. 'नेटवर्क सगळ्यांचंच जातं. पुढच्या रविवारी पुन्हा तुझीच पाळी ठेवली आहे. पण बाहेर बरेच जण जागेसाठी थांबलेत. या वेळीही नाही जमलं तर तुझी जागा त्यांतल्या कुणाला तरी द्यावी लागेल. राग मानू नकोस. तुझा अर्ज मला फार आवडला होता.'

मी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, त्यामुळे जास्त लागलं. ती जागा गेली असती तर मी पुस्तकं तशीही वाचली असती, कर्नलही मोडला असता. पण कुठं अडले ते विचारायला कुणी उरलं नसतं, आणि घरी सगळे म्हणाले असते की मुलगी ढाब्यावर बसून नुसती स्क्रीन बघते. ते खोटंही नसतं.

मग आठवडाभर मी तयारी केली. दोन प्रोग्रॅम बोलतात ते कर्नलमधून. त्यांच्यामध्ये एक पाइप असतो. पहिला त्यात एका टोकानं शब्द टाकतो, दुसरा दुसऱ्या टोकानं उचलतो. पाइप भरला तर टाकणाऱ्याला कर्नल झोपवतो. पाइप रिकामा असेल तर घेणाऱ्याला झोपवतो, आणि काही आलं की उठवतो. आत काय लिहिलंय ते कर्नल वाचत नाही. शिवी असो की आशीर्वाद, त्याला ते सारखंच. हे मी समजून घेतलं, आणि मग दाखवायला म्हणून दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. दोन पाइप, एक जाण्याचा, एक येण्याचा. चालवले. काहीच झालं नाही.

चुकीचा संदेश आला नाही, प्रोग्रॅम बंद पडला नाही, पंख्याचा आवाजही वाढला नाही. नुसता कर्सर लुकलुकत होता. मी बराच वेळ वाट पाहिली. कर्नल काही तरी सांगेल, असं मला वाटत होतं. शेवटी कोड पुन्हा वाचला. दोन्ही प्रोग्रॅमांत मी पहिली ओळ एकच लिहिली होती, 'आधी समोरच्याचं ऐक.' दोघंही समोरच्यानं आधी बोलावं म्हणून झोपून राहिले होते. यालाच डेडलॉक म्हणतात. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की कर्नलच्या लेखी यात काहीही बिघडलेलं नव्हतं. दोघं शांत झोपलेत, प्रोसेसर वाया जात नाही, कुणाची तक्रार नाही. जगात रोज वापरले जाणारे बहुतेक कर्नल असा पेच पडला तरी बहुतेक वेळा मध्ये पडत नाहीत, असं पुस्तकात होतं. मी इतके दिवस त्याला घरातला शहाणा माणूस समजत होते. तो निरोप्या होता, माझ्यासारखाच, पण झोपलेल्यांना एकमेकांशी बोलायला लावणं हे त्याचं काम नव्हतं.

मी मान वर करून बघितलं. मामा गल्ल्यावर वहीत डोकं घालून बसले होते. मामी चुलीशी मनगटाला तेल चोळत होती. दोघंही अगदी निवांत दिसत होते.

ढाब्यामागे जिथं बोकडं बांधलेली असतात तिथं मी बोलायचा सराव करायचे. एकदा मामी पाणी घ्यायला आली.

"कुणाशी बोलतीस?"

"कुणाशी नाही. पाठ करतेय. रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं आहे."

"मंग मोठ्यानं कर की. बोकडाच्या कानात सांगितल्यावानी कावून करतीस?"

"भीती वाटते."

"कशाची?"

मी बोकडाच्या दाव्याशी चाळा करत राहिले. तिनं हंडा कमरेवर घेतला. "मलाबी वाटायची. नवी आलते तवा तुझ्या मामाला पाणी पायजे का इचारायला सासूला मधी घालायचे." मग वळता वळता म्हणाली, "तवा त्योबी तसाच व्हता." आणि गेली.

रविवारी नेमकं वऱ्हाड आलं. केजकडून आलेली एक अख्खी बस ढाब्यात शिरली. मी पंख्याखाली, 'राखीव' पाटीमागे. मामांनी स्पीकरवरची गाणी स्वतः उठून बंद केली, एवढं ते मला न विचारता करायचे.

ताईंनी माझं नाव घेतलं. मी माइक चालू केला. माझं पहिलं वाक्य इंग्रजी होतं, पाठ केलेलं, आणि ते मी मध्येच विसरले. ताई म्हणाल्या, "सावकाश. मराठीत सांग हवं तर."

मी मराठीत सुरू केलं. छापील का असेना, मराठीच होती ती. पाइप काय असतो ते सांगितलं. कोण केव्हा झोपतो, कोण उठवतो ते सांगितलं. आधी मला माझाच आवाज ऐकू येत होता, मग तो येईनासा झाला, म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय तेवढंच उरलं. मग माझे दोन प्रोग्रॅम दाखवले, आणि ते कसे गप्प बसले तेही. परळीकडच्या एका मुलानं विचारलं, "पण मग कर्नल त्यांना सोडवत कसा नाही? त्याला तर दोघांचंही माहीत असतं ना?"

मला उत्तर येत होतं. मी श्वास घेतला.

"माय!" गल्ल्यावरून मामांचा आवाज आला. "तुझ्या मामीला म्हणावं, वऱ्हाडाला भाकरी लागतेल पन्नासेक. जमतंय का इचार. न्हाई तर पाव मागवतो."

"त्यायला म्हणावं," चुलीजवळून मामी तितक्याच मोठ्यानं, "पावच मागवा. न्हाई तर मशीन मागवा."

"म्हणावं, मशीनीचं मी कवाच सोडून दिलंय!"

"म्हणावं, मंग तसं सांगायचं न्हाई का!"

माइक चालू होता. चौकोनांतले सगळे ऐकत होते. एकीनं तोंडावर हात घेतला होता. वऱ्हाडातली माणसंही माझ्याकडे बघत होती, कारण मामा-मामी दोघंही माझ्याकडेच बघत होते. मी उठायची वाट पाहत. माझं बोट सवयीनं माइकच्या खुणेवर गेलं होतं. तो बंद करायचा, उठायचं, दहा पावलं जायचं आणि दहा पावलं यायचं. परत येईपर्यंत माझी पाळी संपली असती, आणि त्याला कुणी माझा दोष म्हटलं नसतं.

परळीचा मुलगा अजून उत्तराची वाट बघत होता.

मी बोट काढून घेतलं. खुर्चीतून उठले नाही. मान वळवली, आणि वऱ्हाडाला, ताईंना आणि चुलीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मामा, तुमचं तुम्ही सांगा तिला. मी बोलतेय इथं."